केरूचं खरं नाव

१२ नोव्हेंबर १९३८
आमच्या भाज्याच्या लेण्यापाशी शिनेमाची कंपनी उतरलीया. त्यास्नी तान्हं पोर पायजे होतं — आमचा केरू घेतला! आठ महिन्यांचा. नटीबाईनं त्याला उराशी धरायचं आन् त्यानं रडायचं. त्यो रडलाच न्हाई. तिचं कानातलं वढत हसत बसला. मोठा सायेब म्हनला, "राहू द्या, हसतोय तेच बरंय."

मग कारकून वही घेऊन आला. "बाळाचं नाव काय? सिनेमाच्या चोपडीत छापायचंय."

 केरू हे हाकेचं. खरं नाव मामंजींचं ठेवलंय. सासऱ्याचं नाव सुनंनं कसं घ्यायचं? शेजारी माझ्या सासू, आत्याबाई — त्यांच्या तर नवऱ्याचं! त्यांनी पदर तोंडाला लावला. हे गेलते रेल्वेच्या लायनीवर, कामाला.

कारकून हसला. "अहो मावशी, नातवाला नावच नाही होय?"

आत्याबाई म्हनल्या, "हाय की. पर आमी न्हाई घेत."

"मग लिहून द्या." पेन्शिल म्होरं केली. मला लिवता येतं, दुसरीपातूर गेलेय. पर आत्याबाईंम्होरं हात उचलंना. त्यानं जागा कोरी सोडली.

१४ नोव्हेंबर
नाव सांगाया हे आज गेलते. पर कंपनी सकाळच्याच गाडीनं निघून गेलती.

९ जानेवारी १९३९
केरू गेला. तापानं. तीन दिस.

२ फेब्रुवारी
दळते. पानी आनते. भाकरी थापते. काय वाटत न्हाई. आत्याबाई म्हनतात, "रड गं बाई, एकदा रड." येत न्हाई.

आज भ्या वाटलं. केरूचं कपाळ आठवलं, व्हट आठवंनात. फोटू बी न्हाई.

१६ एप्रिल
लोणावळ्याच्या थेटरात त्यो शिनेमा लागलाय, आठवडाभर. ह्यांच्यासंगं दुपारच्या खेळाला गेले. आला! हसला, कानातलं वढलं, संपलं. व्हट बघून घेतले. रडू न्हाई आलं.

भाईर चोपडी वाचली, एकेका अक्षरावर बोट ठेवून. नटीबाई. राजा. घोड्याचं पन नाव छापलंय — बिजली! खाली — बाळ : बेबी शरद.

ह्यांनी दारावरच्या मॅनेजरला इचारलं. "तो कंपनीच्या शेटचा भाचा."

"पोरगं आमचं हाय."

"कागद आहे का काही?"

कागद कुठला असनार! मागनं एक बाई म्हनली, "कसं गोड हाय गं शेटचं पोर!"

१७ एप्रिल
आत्याबाईंना सांगितलं. चूल इझली तरी तितंच बसून होत्या. मग म्हनल्या, "कवापातूर हाय त्यो खेळ?"

२२ एप्रिल
शेवटचा खेळ. आत्याबाई जल्मात पयल्यांदा थेटरात. केरू दिसला तशा हुब्या राह्यल्या. "शेटचा न्हाई त्यो! भाज्याचा हाय! रखमाजी हाय — रखमाजी!"

"ए म्हातारे, खाली बस!"

बसल्या न्हाईत. मला रडू फुटलं.

आता मी बी लिवते. मामंजींचं बी, ह्यांचं बी —

रखमाजी महिपती. भाजे.