रंजिताने धाडलेली पाकिटं

प्रिय रंजिता,

तुझं पार्सल सोमवारी मिळालं. किनवा, चिया, आणखी कसल्या तरी बिया. पाकिटामागचं सगळं वाचून काढलं. तुझ्या शाळेच्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवली, ती अशी कामाला येतात. आत तुझी चिठ्ठी होती, ‘बाबांना याने किती बरं वाटायचं, आता तूही खा.’ चार दिवस ती उशीखाली आहे.

आपल्या शेताच्या तिन्ही बाजूंना आता गोडाऊन झालीत. गेल्या आठवड्यात भात कापलं. नव्या तांदळाची पेज केली, सोबत भाजलेला सुका बोंबील. तुझे बाबा पेजेत मीठ आधी घालू द्यायचे नाहीत, जरा निवली की वरून चिमूट टाकायचे. हल्ली मीही तशीच खाते.

आजारपणात त्यांना हीच पेज लागायची, नाहीतर नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं. शेजारची गुणाबाई चिडवायची, “लेक एवढं भारी खाणं धाडते, आन् म्हातारा पेजच भुरकतो!” मी तिला गप्प करायची. तुला सुट्टी मिळत नव्हती. फोनवर रडायचीस आणि शेवटी विचारायचीस, मी पाठवलेलं देतेस ना? मी म्हणायची, देते.

रंजू, मी दिलं नाही. पहिलं पाकीट फोडलं तेव्हाच त्यांनी ते हातातून घेतलं. दाणे तळहातावर पसरले, फुंकर मारली आणि म्हणाले, “मंदे, शिजवतेस काय? बियाणं हाय हे. एवढं महागाचं बी कोन खातं?” मी पाकिटावरचं वाचून दाखवलं, तर हसले. मग आलेलं प्रत्येक पाकीट राखेत मिसळून, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात भरलं. मी म्हटलं, पेरून तरी टाका. म्हणाले, “न्हाय. रंजीनं धाडलंय, तिच्याच हातानं पडू दे.” तू आलीस ती ते गेल्यावर. तेव्हा डबा दाखवायचं धाडस मला झालं नाही.

तुझं खाऊन त्यांना बरं वाटलं, एवढाच तुला दिलासा होता, आणि तो मी काढून घेते आहे. रागवायचं तर रागव. पण जुनं बी फार दिवस जीव धरत नाही. जमिनीत ओल आहे तोवर, पंधरा दिवसांत, वाल पेरायचा आहे. बांधाकडेचा एक वाफा मी मोकळा ठेवलाय. उगवेल की नाही, ठाऊक नाही. तू ये.

तुझीच,
आई