एका नंबरावर दोघी

मंगळवार, रायपूर

जेवण गेलं नाही. समता कॉलनी आणि अभनपूर, दोन्ही दवाखान्यांचे पेशंट आम्ही एकाच डेटाबेसमध्ये आणले. नंबर दोन्हीकडे एकपासूनच सुरू झालेले. सगळ्यांना नवे, लांबलचक, एकमेकांशी कधीच न जुळणारे नंबर देऊ, असं मी म्हटलं होतं. दवाखान्याचे साहेब म्हणाले, "इतना लंबा नंबर कौन पढ़ेगा, भैया?" मग एकाच नंबराच्या दोघींचे रिपोर्ट अदलाबदल झाले. अभनपूरच्या मीनाताईंना आपली गाठ साधी नाही, कॅन्सरची आहे, हे आज कळलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी समोरच होतो. वाटलं, ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग माहा रिपोर्ट त्या दुसरीले गेला काय? घाबरली असंन बिचारी. तिले सांगा ना लवकर."

त्या दुसरीचं ऑपरेशन गेल्या महिन्यातच झालंय.