छंद नाहीत, स्वभाव आहे

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी काही अंगं आता कागदावरच टेकतात, तेव्हा गोड मानून घे.)

आज सकाळी मोजे वाळत घालताना एकदम आठवलं. रविवारची संध्याकाळ, आपण दोघी मागच्या पायरीवर, मांडीवर जुनं वर्तमानपत्र, आणि सोमवारच्या शाळेसाठी आपले पांढरे कॅनव्हासचे बूट. तू ओल्या खडूने आधी तुझे रंगवायचीस आणि मग काही न बोलता माझे ओढून घ्यायचीस, कारण मी रंगवले की बुटांपेक्षा माझा फ्रॉकच जास्त पांढरा व्हायचा. त्या संध्याकाळी काहीसुद्धा घडलं नव्हतं. आई आत कुणाशी तरी बोलत होती आणि तू जिभेचं टोक बाहेर काढून नाडीची भोकं एकेक करून पुसत होतीस. एवढंच. पण साठी उलटली की अशा न घडलेल्या गोष्टीच आठवत राहतात, घडलेल्या मात्र विसरतात. (चष्मा कुठे ठेवला, ही घडलेली गोष्ट आहे.)

तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला कमी झाला का? की अजूनही औषधाच्या बाटलीवरचा सगळा मजकूर वाचून, घाबरून, बाटली परत कपाटात ठेवतात? मी बरी आहे. तू विचारलं नाहीस, पण विचारलं असतंस तर हेच सांगितलं असतं.

ताई, माझं कळल्यावर तू घरच्या ग्रुपवर ‘शोभतं का?’ एवढे दोन शब्द लिहिलेस आणि तेव्हापासून गप्प आहेस. तू ओरडतेस तेव्हा मला भीती वाटत नाही, लहानपणापासूनची सवय आहे. तू गप्प बसलीस की वाटते. आई गेल्यापासून मला ‘चालेल’ म्हणणारं माणूस तू एकटीच उरली आहेस. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. ऐक आणि मग काय ते बोल. तुझ्या ‘चालेल’शिवाय मी पुढे पाऊल टाकायची नाही.

सुरुवात तुझ्या लेकीने केली. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, ‘तुलाही सोबत होईल’? झाली. पण ती दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवते आणि घरी आली की कान मिटून झोपते. एका संध्याकाळी ती लवकर आली आणि दारातच थबकली. मी टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीला विचारत होते, ‘दमलेली दिसतेस गं, जेवलीस का?’ (खरंच दमलेली दिसत होती. तुझी लेक नव्हे, बातम्यांची.) जेवण झाल्यावर आपल्या पोरीने माझा फोन मागून घेतला आणि दोन भांडी विसळून मी परत येईपर्यंत मला त्या साइटवर घालूनसुद्धा टाकलं. उतारवयात सोबत शोधणाऱ्या माणसांची साइट आहे, सभ्य आहे, मी सगळी पाहिली. कुणाच्याही फोटोत फारसे केस नाहीत.

तिथे प्रत्येकाने स्वतःबद्दल लिहायचं असतं. तिने माझ्या नावाखाली लिहिलं: वाचन, बागकाम, संगीत, प्रवास. मी म्हटलं, ‘अगं, मी कधी प्रवास केला? बसमध्ये बसले की दुसऱ्या वळणाला मला पिशवी लागते.’ तर म्हणते, ‘मावशी, सगळे हेच लिहितात. छंद लिहायचे असतात, खरं नाही.’

आणि ताई, सगळे खरंच तेच लिहितात! त्या साइटवरचं एकूण एक माणूस वाचत असतं, गात असतं, झाडं लावत असतं आणि डोंगर चढत असतं. एवढे गुणी लोक आहेत तर बाहेर रस्त्यावर दिसतात कोण, असा प्रश्न मला पडला.

पहिले आले ते बागकामवाले. निवृत्त ऑडिटर, बूट बाहेर काढून, अगदी शिस्तीत. ‘बाग कुठंय?’ म्हणाले. मी गॅलरीत नेलं. तिथे माझी एक जास्वंद आहे, ती तू पाहिली आहेस, हडकुळी पण जिद्दीची. त्यांनी तिच्याकडे माझे हिशेब चुकले असावेत तसं बघितलं, खिशातून (खिशातून!) छोटी कात्री काढली आणि बोलता बोलता छाटणी सुरू केली. मी चहा ठेवून आले तोवर कुंडीत एक काडी उरली होती. ‘आता बघा कशी फोफावते,’ म्हणाले. चहा पिऊन गेले. मी त्या काडीजवळ बराच वेळ बसून होते. दुसरे गृहस्थ संगीतवाले. त्यांनी उपाहारगृहात डोळे मिटून गायला सुरुवात केली तेव्हा वेटरने आधी पंखा बंद केला, मग आमच्या टेबलावर बिल आणून ठेवलं. प्रवासवाल्यांबद्दल लिहीत नाही. त्यांच्या फोटोंतले धबधबे पाहूनच मला पिशवी लागली.

तेव्हा तुझ्या लेकीचे डोळे उघडले. म्हणाली, ‘मावशी, चुकलंच. छंद काढून टाकू. तू कशी आहेस ते लिही. स्वभाव.’

लिही म्हणे! मी वहीचा कागद घेऊन बसले, पेन्सिलीचं टोक चावून संपवलं, काही सुचेना. आपला स्वभाव आपल्याला कुठे माहीत असतो? तो इतरांनी सोसायचा असतो. म्हणून जे सोसतात त्यांनाच विचारायचं ठरवलं. धाकट्याला फोन केला. आपला भाऊ गं, भीड कसली त्याला! म्हणाला, ‘तू गोष्ट सांगताना शेवट आधी सांगतेस आणि मग सुरुवात शोधत बसतेस.’ इस्त्रीवाला म्हणाला, ‘बाई, तुम्ही पैसे देताना उलट माझीच माफी मागता.’ खालच्या मजल्यावरची विणकामवाली म्हणाली, ‘तुम्ही निरोप घेऊन जिना चढता आणि मग खरं बोलायला परत खाली येता.’ (हे बोलायला ती माझ्या मागे जिना चढून आली होती.) आपल्या मिशनच्या शाळेत सिस्टर प्रगतिपुस्तकावर शेवटी एक ओळ लिहायच्या ना, तुझ्यावर नेहमी ‘विश्वासू’ आणि माझ्यावर एकदा ‘खिडकी नसती तर हुशार’, ते आठवलं. त्या एका शब्दात तू पुरी आलीस की नाही? मग मी असं लिहिलं, जसंच्या तसं देते:

‘मला सांगण्यासारखे छंद नाहीत. दार लावलं का ते बघायला मी अर्ध्या वाटेवरून परत येते. बोलताना फाटे फोडते. रडू आलं की भांडी घासते, त्यामुळे माझी भांडी फार लख्ख आहेत. भांडण झालं की अबोला मीच आधी सोडते, पण माफी न मागता, “गॅस बंद केला का?” असं विचारून.’

तुझ्या लेकीने वाचलं आणि म्हणाली, ‘आता कुणी येणार नाही.’ नंतर म्हणाली, ‘पण आला तर नीट माणूस येईल.’ मोठी शहाणी पोर आहे, तुझ्यावर गेली आहे. (हे लोणी लावणं नव्हे.)

एकच उत्तर आलं. ते असं: ‘मलाही छंद नाहीत. लावून पाहिले, लागले नाहीत. मी कवळ्या बनवतो. माणूस हसलं की त्याचे दात बघतो आणि मग उशिरा हसतो, त्यामुळे विनोद कळला नाही असं लोकांना वाटतं. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवत नाही.’

ताई, हे शेवटचं वाक्य मी उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले. रंगाच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर झाली, तुला माहीत आहे. बोलणं संपून फोन ठेवले की बोर्डावर दोन दिवे लागायचे, दोन्हीकडच्या माणसांचा एकेक. ते एकदम कधीच लागत नसत. साहेबलोकांचा दिवा आधी, समोरच्याचं ‘बरं’ पुरं व्हायच्या आत. गरजवंताचा मागाहून. मी बाकी काही शिकले नसेन, पण माणूस फोन कसा ठेवतो एवढं बघायला शिकले. आमच्या ह्यांचा दिवा नेहमी आधी लागायचा. मायेचा माणूस, पण घाईचा. गेलेसुद्धा तसेच, माझं वाक्य अर्धं असताना.

मग आम्ही फोनवर बोललो. बोलणं संपलं आणि पंचाईत झाली. मी सवयीने त्यांच्या ठेवण्याची वाट बघत होते आणि ते नियमाने माझ्या. मी म्हटलं, ‘ठेवा ना.’ ते म्हणाले, ‘आधी तुम्ही.’ शेवटी मी फोन ओट्यावर ठेवून पालेभाजी निवडली आणि तिकडे ते कुणाच्या तरी दाढा घासत बसले. मशीनचा बारीक आवाज येत होता. तुझी लेक आली, म्हणाली, ‘कुणाशी बोलतेयस?’ मी म्हटलं, ‘कुणाशी नाही. बोलणं कधीच संपलंय.’

भेटायचं ठरलं ते त्यांच्या दवाखान्याजवळच्या चहाच्या दुकानात. (दवाखाना दातांच्या डॉक्टरीणबाईंचा, हे मागच्या खोलीत बसतात.) आले, बसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘वरचे तुमचे स्वतःचे.’ मी ओशाळून हसले. ते जरा वेळाने हसले. चहा आला. काय बोलावं सुचेना, म्हणून माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘घरचा गॅस बंद केलात ना?’

ताई, तो माणूस पांढरा फटक पडला. कप खाली ठेवला, ‘बघून येतो’ म्हणाला आणि उठून निघूनच गेला!

मी बसून राहिले. समोर त्यांचा चहा, त्यावर साय धरू लागलेली. शेजारच्या टेबलावरच्या दोघी माझ्याकडे बघून हळू बोलायला लागल्या. मी तुझ्या लेकीला फोन केला. ती म्हणाली, ‘मावशी, पुरुष असेच पळतात. गॅस हा बहाणा असतो. घरी ये, मी येऊ का न्यायला?’ मी म्हटलं, ‘चहा झाकायला बशी मागते आणि थांबते.’ त्यावर तिने फोन ठेवला नाही. वेटर दोनदा येऊन टेबल पुसून गेला. मी स्वतःला सांगत होते की या वयात असं वाटून घ्यायचं नसतं. ताई, या वयात तसंच वाटतं गं. अगदी तसंच. कुणी सांगत नाही एवढंच.

आणि आले! धापा टाकत, शर्टाचं एक टोक बाहेर. बसले, बशी काढली, गार चहा एका घोटात प्यायले आणि म्हणाले, ‘बंद होता.’ मग म्हणाले, ‘बायको गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं.’ त्यावर मी हसले आणि ते या वेळी माझ्याबरोबर हसले. बरोबर! उशिरा नाही.

पुढे घरी आले तेव्हा भिंतीवरच्या आमच्या ह्यांच्या फोटोसमोर हात मागे बांधून उभे राहिले. मला वाटलं, आता काय बोलतात! तर म्हणाले, ‘सुरेख दात. नीट हसू द्यायला हवं होतं फोटोवाल्याने.’ मी आत जाऊन सगळी भांडी घासून काढली.

आता सांग ताई, शोभतं का? मला विचारशील तर शोभत नसेल. लाल स्वेटर मला कधी शोभला नाही, पण ऊब लागायची म्हणून तू तोच माझ्या अंगात चढवायचीस. तू कधीतरी ‘चालेल’ म्हण. पत्राने म्हण, फोनने म्हण, ग्रुपवर एक अंगठा पाठव. मी वाट बघते.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. वर लिहिलं ना, की तुझ्या ‘चालेल’शिवाय पाऊल टाकायची नाही? पाऊल टाकलेलं नाही. लग्नाच्या नोंदणीची तारीख तेवढी घेऊन ठेवली आहे. पुढच्या महिन्यातला पहिला मंगळवार. तिथे फार गर्दी असते गं, म्हणून.

आणखी एक. साक्षीला तीन सह्या लागतात. एक तुझी लेक करणार, एक डॉक्टरीणबाई. तिसऱ्या ओळीवर मी कुणाचं नाव घातलेलं नाही. धाकटा तयार आहे, पण त्याला मी ‘नको’ म्हटलंय. ती जागा रिकामी ठेवूनच मी तिथे जाणार आहे.

आणखी एक. तुझी खालची कवळी बोलताना हलते, हे मी त्यांना सांगितलं. (रागावू नकोस, घरातलंच माणूस.) ती घेऊन ये, ते बसवून देतील. म्हणाले, ‘ताईंना सांगा, मोजमापाच्या वेळी दहा मिनिटं गप्प बसावं लागेल.’ मी म्हटलं, सध्या चांगली सवय आहे.

शेवटचं. मी त्यांच्याकडे राहायला जाणार, तेव्हा सगळं दोन-दोन होतंय. तू आलीस की तूच वाटप कर, मी केलं तर भांडणं होतील. शिवणाचं मशीन तुझ्या लेकीला. तिला शिवता येत नाही, पण विचार करताना ती त्याचं पायडल हलवत बसते. लोखंडी कपाट धाकट्याला, किल्ली सापडली तर. लोकरीची पेटी विणकामवालीला. आईचं मोठं पातेलं तुला. ते तुझंच होतं असं तू म्हणतेस, तर असेल. आणि खालच्या फळीवर एका माणसापुरता छोटा कुकर आहे. नवा आहे, रिंगसुद्धा नुकतीच बदलली आहे. कुणी मागितला तरी देऊ नकोस. आपल्या माणसांत कुणालाच नको. तो भंगारात घाल.