तुझ्या गालांवरचे खड्डे

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू मला सरळ प्रश्न विचारलास आणि मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. दूध सकाळीच तापून फ्रिजमध्ये गेलं होतं. सव्वीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेली बाई, येणाऱ्याजाणाऱ्याला फुकटचे सल्ले देते, आणि पोटच्या पोरीनं गालांवरच्या खड्ड्यांना लेसर करू की सुया एवढंच विचारलं तर हिला दूध आठवतं, असं तुझ्या मनात आलंच असेल. तू चिडलीस हे मला तुझ्या ‘बरं, ठेव’वरून कळलं. तू चिडलीस की आवाज चढवत नाहीस, उतरवतेस. अगदी तुझ्या बाबांसारखी.

तर आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं ते बरोबर आहे. लेसरनं काम लवकर होतं, पण तुझ्या सावळ्या कातडीला त्याची उष्णता सोसली नाही तर त्याच जागी काळे डाग उठतात आणि महिनोन् महिने जात नाहीत. म्हणजे आगीतून फुफाट्यात. बारीक सुया टोचणाऱ्या यंत्राला सहा खेपा लागतील, दर खेपेला चेहरा दोन दिवस टोमॅटोसारखा होईल, पण डाग पडायची भीती कमी. शाळा उघडायच्या आत सगळं उरकायचं म्हणून तुझा ओढा लेसरकडे आहे, हे मला समजतं. तरी माझं मत विचारशील तर सुया. आणि लेसरच करायचं ठरवलंस तर आधी जबड्याखाली छोट्याशा जागेवर करून बघायला सांग, चार-सहा आठवडे थांब, मग पुढचं बघ. उन्हात जाताना मलम लावायचा कंटाळा करू नकोस. एवढं मला फोनवरही सांगता आलं असतं. का नाही सांगितलं, तिकडेच येतेय, पण मला जरा लांबून यावं लागणार आहे. सरळ चालत यायला पाय उचलत नाहीत.

तू मागच्या महिन्यात तुझ्या वर्गातल्या त्या छोटीचं सांगितलंस ना, की कर्णबधिर मुलं दिवसभर बाईंच्या चेहऱ्याकडेच बघतात, आणि त्या छोटीनं तुझ्या गालावरच्या खड्ड्यात बोट ठेवून खुणेनं विचारलं की इथे दुखतं का. तू हसत हसत सांगितलंस. मीही फोनवर हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. पोरी, तुझा एक फोटो नाही घरात ज्यात तू कुणाच्या तरी मागे उभी नाहीस. कॉलेजात तू केस दोन्ही गालांवर सोडायचीस आणि मी म्हणायचे, काय ते पडदे लावल्यासारखे, बांध की वर. माझ्या जिभेला हाड म्हणून नाही.

तू तेरा वर्षांची होतीस तेव्हा शाळा सुटल्यावर दुकानात यायचीस, आठवतं? काउंटरच्या आत, खोकला-सर्दीच्या कपाटाशेजारच्या स्टुलावर बसून गणितं करायचीस. शेठ तुला लिमलेटच्या गोळ्या द्यायचे. एक दिवस नेहमीचं एक गिऱ्हाईक आलं, चांगली शिकलेली बाई, वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायची. बाबांवर गेलेला तुझा सावळा रंग बघून तिनं मला विचारलं, ही तुमच्या कामवालीची का हो? अगदी कौतुकानं विचारलं, किती मन लावून अभ्यास करते म्हणून. आणि मी, तुझी आई, गोळ्यांची पाकिटं मोजत राहिले आणि मान हलवली. हो अशी हलवली. तुझी पेन्सिल थांबली होती का, मी बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही. तू ऐकलं होतंस का, हे मी आजपर्यंत तुला विचारलेलं नाही.

त्या आठवड्यात मी जे केलं ते माझ्यासारखीच करू जाणे, कारण दुसऱ्या कुणाला ते जमलंच नसतं. डॉक्टर कधीकधी दोन मलमं मिसळून द्यायला सांगत, तेव्हा ती काचेच्या पाटीवर पट्टीनं घोटायचं काम माझं असायचं. माझ्या हाताचं मलम असं एकजीव व्हायचं की शेठ गिऱ्हाइकाला दाखवायचे. मुदत संपत आलेल्या ट्यूबांचा खोका मागे असायचा. त्यात एक गोरं करणारं मलम होतं, स्टिरॉइड घातलेलं, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं. बायका मागायला आल्या की मीच त्यांना झापायची, की बाई, चेहऱ्याची वाट लागेल, परत पाठवायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुपारी शेठ जेवायला गेले की ते मलम मी तुझ्या कोल्ड क्रीममध्ये घोटायची आणि डबी घरी आणून तुझ्या आरशापुढे ठेवायची. पांढऱ्यात पांढरं. तुला कळायचं काही कारणच नव्हतं. तुला सांगून लावायला दिलं असतं तर का म्हणून विचारलं असतंस, आणि मला ती हलवलेली मान सांगावी लागली असती.

पहिले दोन महिने तू उजळलीस. तुझी आत्या म्हणाली, पोरगी खुलली हो. मी खूश. तुझे बाबा तेवढे म्हणाले, आमचा रंग पक्का आहे, धुऊन जायचा नाही, उगाच आशा लावू नका. मग गाल लाल व्हायला लागले, मग पुळ्या, मग त्या पिकलेल्या गाठी. मला वाटलं, वय आहे. खोटं. गाल लाल झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मला कळलं होतं, कारण त्या ट्यूबेच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद मीच कितीजणींना वाचून दाखवला होता. घाबरून बंद केलं तर दुप्पट उठलं, म्हणून पुन्हा घातलं. असं अडीच वर्षं. आणि या सगळ्या काळात चोर तो चोर वर शिरजोर, मी तुलाच बोलत होते. तळलेलं खाऊ नकोस, उशीचा अभ्रा बदल, हात लावू नकोस, नखं लावतेस म्हणून खड्डे पडतात. तू रडत रडत दिवसातून पाच वेळा तोंड धुवायचीस आणि धुऊन झालं की मी ठेवलेल्या डबीतलं क्रीम लावायचीस.

मी मरेपर्यंत हे बोलले नसते. तेवढी निर्ढावले होते. पण परवा तू मला म्हणालीस की डॉक्टरबाईंचा तो लांबलचक फॉर्म भरून दिला, आणि पूर्वी चेहऱ्याला कोणतं मलम वापरलं होतं या प्रश्नापुढे तू लिहिलंस की काही नाही, फक्त आईनं दिलेलं कोल्ड क्रीम. त्यांनी गालावरून बोट फिरवून, कातडी पातळ वाटते, असं म्हटल्याचंही तू सांगितलंस, आणि तेव्हाच मला दूध आठवलं. त्या खोट्या कागदाच्या भरवशावर गुरुवारी तुझ्या चेहऱ्यावर यंत्र चालणार आहे. म्हणून हे पत्र. आज कुरियरनं पाठवतेय, मंगळवारी मिळेल. ट्यूबेचं नाव आणि किती दिवस वापरलं ते सगळं सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय, ते जसंच्या तसं डॉक्टरबाईंना दे आणि त्या सांगतील तेवढे दिवस थांब, लेसर असो नाहीतर सुया. तुझ्या बाबांना मी आज जेवताना सांगणार आहे. तू मला फोन केला नाहीस तर मी समजून घेईन. पण डॉक्टरबाईंना गुरुवारच्या आधी फोन कर, आणि त्या फॉर्मवरची ती ओळ खोडून ये.

तुझीच,
आई