चातुर्मासातली कोथिंबीर

शाहूपुरी, कोल्हापूर
दि. ४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. अंजनाअक्कास, जय जिनेंद्र. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि अर्धवट ऐकून तू भलत्याच गोष्टीची काळजी करीत बसतेस, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आदितीने पुण्याला नोकरीवर जाताना आपला गिनीपिग माझ्या स्वाधीन केला, हे तू जाणतेस. त्याचे नाव तिने गुंडू ठेवले. त्यात माझा सहभाग नाही. गेल्या महिन्यात त्याच्या नाकावर व कानांमागे केस झडून गोल, खपलीदार चट्टे उठले. पशुवैद्य बाईंनी खपली तपासून बुरशीचा संसर्ग असल्याचे सांगितले. दिवसातून दोनदा मलम, रोज कोरडे अंथरूण आणि हाताळताना हातमोजे, यांत मी एकदाही खंड पडू दिलेला नाही. तरीही सहा चट्ट्यांचे नऊ झाले आणि अकरा दिवसांत वजन साठ ग्रॅमने उतरले. असेच उतरत गेले तर तो वाचणे कठीण, असे बाई स्पष्ट बोलल्या.

आदिती पर्युषणात येईल. तिला अद्याप कळवलेले नाही. ती येण्यापूर्वी त्याला मार्गावर आणायचेच, असे मी ठरवले आहे.

चातुर्मास व्यवस्थित चालू आहे. यंदा घरात हिरवे पान आणायचे नाही, असा नियम मी मुनिमहाराजांपुढे घेतला आहे. माझ्याही मानेवर एक गोल चट्टा उठला आहे. तो नव्या शर्टाच्या कॉलरीने पडला असावा.

भाऊजींस नमस्कार. तुझ्या लोभात मला उणे पडू देऊ नकोस.

तुझा,
श्रीपाल

*

राधानगरी
११ ऑगस्ट

चि. श्रीपाल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भाऊजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, एवढ्या शिस्तीत आम्ही लगीन बी केलं न्हाय.

गुंडूला झालंय ते आमच्या वासरांना दर पावसाळ्यात होतंय. गजकर्ण. मलम लावायचंच, पण अंगात ताकद नसली तर ते हटत न्हाय. म्हणून विचारते, त्याला खायला काय घालतोस? तुझ्या घरात हिरवं पान यायचं न्हाय, मग त्या जिवाच्या तोंडात वाळलेलं गवतच जात असणार की. नियम तू घेतलास. महाराजांपुढं हात जोडून तो उभा होता काय?

आणि कॉलरीनं चट्टा गोल पडत न्हाय. माझ्या सुनेला असाच उठला होता, वासराला गळ्याशी धरून बसायची तेव्हा. हातांत मोजे घालतोस, मग मानेला काय घालतोस?

लेकीला आजच कळव. जनावर तिचं हाय.

माया हाय ती हायच, तू वेळेवर जेवत जा.

अक्का

*

शाहूपुरी, कोल्हापूर
दि. २१ सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कास, जय जिनेंद्र. सा. न. वि. वि.

उत्तरास विलंब झाला, कारण पूर्ण निकाल हाती आल्याशिवाय लिहायचे नव्हते.

तुझे पत्र घेऊन मी तडक पशुवैद्य बाईंकडे गेलो. आहाराविषयी त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले होते. वेळेवर आणि मोजून देतो, एवढेच मी सांगितले होते. काय देतो ते सांगितले नव्हते. आता तेही सांगितले. या प्राण्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते त्याला रोज ताज्या पाल्यातून मिळावे लागते, असे त्या म्हणाल्या. म्हणजे चातुर्मास मी धरला आणि उपास त्याला घडला.

त्याच सायंकाळी मी कोथिंबीर व ढबू मिरची घरात आणली. दुसऱ्या दिवशी महाराजांकडे जाऊन नियम मोडल्याचे सांगितले. पाने कोणी खाल्ली, असे त्यांनी विचारले. गुंडूने, असे म्हणताच ते हसले आणि माझा नियम माझ्या ताटापुरता ठेवण्यास त्यांनी सांगितले.

आदितीलाही कळवले. पर्युषणात ती आली ती रागातच, आणि पिंजरा पुण्याला न्यायचा ठरवूनच. निघण्याच्या दिवशी मी मंडईतून परतलो. पिशवीचा आवाज ऐकताच गुंडूने शीळ घातली आणि चपला काढण्यापूर्वीच मी त्याला शिळेने उत्तर दिले. आदिती आतल्या दारात उभी होती, हे माझ्या ध्यानात आले नाही. पिंजरा इथेच राहिला.

काल बाईंनी त्याला पूर्ण बरा ठरवले. नाकावर नवे केस आले आहेत.

माझ्या मानेवरचा चट्टाही डॉक्टरांच्या औषधाने गेला. तो कॉलरीचा नव्हता.

आजवर केलास तसाच लोभ पुढेही करावास, आता आम्हा दोघांवर.

तुझा,
श्रीपाल