ड्रिल मशीन, एक नग

औरंगाबाद, सिडको
दसऱ्यानंतरचा गुरुवार

ती. सांडूदादांस, धाकट्या द्वारकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडं आम्ही दोघं बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तेल कोमट करून चोळा म्हणलं होतं, चोळत नसालच. सारजावहिनींनी दाढ काढली, का अजून लवंगच धरून बसल्यात? म्हैस व्याल्याचं पुंजारामकडून कळलं (तुमच्या गल्लीतला पुंजाराम रोजच्या एसटीनं फुलंब्रीहून इथं कामाला येतो, त्याच्या हाती म्हशीची बातमी येते, बहिणीला निरोप येत नाही). खरवसही आला नाही. त्यावरून राग अजून उतरलेला नाही असं मी धरून चालते.

रागाचं कारण मला पाठ आहे. आई गेल्यावर तुम्ही तिचा फोटो मोठा करून, चौकट-काच घालून मला दिलात, आणि अक्षयतृतीयेला आलात तेव्हा तो फ्रिजवर, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला टेकवून ठेवलेला दिसला. तुम्ही चपलासुद्धा काढल्या नाहीत. "आईला तुझ्या घरात हातभर भिंत नाय व्हय? ती भिंतीवर गेली की मी येतो, तवर नाय," एवढं बोलून भरला चहा सोडून गेलात. (तो ह्यांनी पिला. थंड झाला असता म्हणून.) तेव्हापासून पंचमी गेली, राखी टपालानं गेली, पोळा गेला, आणि आता भाऊबीज तोंडावर आलीय. दादा, मला दुसरा भाऊ नाही. ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला ओवाळतात, ते ठीक आहे. पण फुलंब्री काही चंद्रावर नाही, एसटीनं तासाभराची वाट आहे. म्हणून आई भिंतीवर जाणं मला भाग होतं. ती आता गेली आहे. कशी गेली ते सविस्तर सांगते, कारण त्यात एका जीवाचं नुकसान झालेलं आहे (माणूस नव्हे, घाबरू नका).

आमच्या घरात खिळा नाही. एकही नाही. आमचे हे सत्तावीस वर्षं चितेगावच्या कंपनीत हत्यारांचं स्टोअर सांभाळून घरी बसले, आणि निरोपाच्या दिवशी खात्यातल्या माणसांनी घड्याळ किंवा शाल न देता ड्रिल मशीन दिलं. निळ्या डब्यात बसवलेलं, भोकं पाडायची तेरा बिटं, प्रत्येकाला डब्यात आपापला खाचा. त्या दिवसापासून ह्यांचा हुकूम आहे की हातोडीनं ठोकाठोक करणं हे अडाण्याचं काम, भिंतीला भोक पाडायचं ते मशीननं. आणि मशीननं ते पाडायचं नाही, कारण भिंतीचा भुगा मोटारीत जातो. पावसाळ्यात हवेत ओल असते, उन्हाळ्यात धूळ असते, हिवाळ्यात ग्रीस गोठतं. या तीन ऋतूंतून मोकळा दिवस निघाला की आईचा फोटो लावू, असं ते मला सहा महिने सांगत होते. कॅलेंडर आमच्याकडं खिडकीच्या कडीला आहे. खिडकी उघडली की महिना दिसत नाही.

पण मशीनची निगा बघायची असेल तर रविवारी यावं. सकाळी आंघोळ करून (आधी आंघोळ, मग मशीन) हे पेपर अंथरतात. डबा उघडतात. एकेक बिट जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून, शिवणयंत्राच्या तेलाचं एक बोट फिरवून परत खाच्यात. बिट जिथं आवळतात त्या चकाचे दात टूथब्रशनं घासतात. (ब्रश जुना असतो असं ते म्हणतात. मागच्या महिन्यात तो माझा होता आणि जुना नव्हता.) हवेच्या फटींतून सायकलच्या पंपानं फूस-फूस करून धूळ काढतात; आता वापरतच नाही तर धूळ कुठली, असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, बसलेल्या माणसावर जास्त बसते. मग डब्याचे कोपरे, काडीला कापूस गुंडाळून. ओल धरू नये म्हणून डब्यात तांदळाची पुरचुंडी. डब्याला खोळ, ती मी शिवली. खोळ धुवायला गेली तर डबा उघडा पडू नये म्हणून दुसरी खोळ, तीही मीच. मग कपाट, कपाटाला कुलूप. कुलपाची किल्ली अडकवायला घरात खिळा नाही, म्हणून ती तुरीच्या डाळीच्या डब्यात.

शिवाय रजिस्टर. बरणीचं झाकण निघेना म्हणून पक्कड घेतली तरी मला लिहावं लागतं: तारीख, वस्तू, नग, कारण, सही. वस्तू परत आली की तपासून शेवटच्या रकान्यात ह्यांची सही. लग्नाची बायको असली म्हणून स्टोअर मोकळं सोडता येत नाही, असं त्यांचं मत आहे. मी भांडले नाही. माणूस सत्तावीस वर्षं एका खिडकीत उभा राहिलेला, त्याला घरातही एक खिडकी लागते.

तर पितरपाटात, घट बसायच्या दोन दिवस आधी, कंपनीतून ह्यांना बोलावणं आलं. नव्या स्टोअरवाल्याला जुना पाना सापडत नव्हता. हे नवा सदरा घालून गेले, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मी घट बसायच्या आधीचं धुणं काढलेलं, गच्चीवर गोधड्या, अंगणात भांडी, आणि डाळीच्या डब्यात हात घातला तर हाताला किल्ली लागली. मनात आलं, आजच. शेजारच्या चतुराबाईला स्टूल धरायला बोलावलं. ती म्हणाली, पितरपाटात भिंतीला भोक पाडतीस, काय बाई! मी म्हणलं, पितरांतलीच आहे की ती, तिच्याच कामाचंय. यावर तिनं स्टूल धरलं.

आणि इथं दादा मी काय केलं बघा. चोरी करायला निघालेल्या बाईनं आधी रजिस्टर काढून लिहिलं: ड्रिल मशीन, एक नग, कारण – आईचा फोटो, सही. हात सवयीनं गेला. लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, पण पानांवर नंबर आहेत, फाडता येईना; कुणी काही मागितल्याशिवाय हे रजिस्टर उघडत नाहीत, या भरवशावर तसंच ठेवलं.

मशीन ह्यांनी इतक्यांदा पुसलेलं मी बघितलंय की चालवायलाही येईल असं वाटलं. पहिलं भोक घेताना लावलेलं बिट लाकडाला भोक पाडायचं निघालं, ते भिंतीवरनं घसरलं आणि वीतभर रेघोटी ओढली. दुसऱ्याला आत लोखंडी गज लागला. तिसऱ्याला गिलाव्याचा पापुद्रा पुरीएवढा सुटला. चौथं चांगलं पडलं, पण त्यात स्क्रू धरायची प्लास्टिकची गुट्टी घातली तर ती आत जाऊन बसली ती बाहेरच येईना. अजून तिथंच आहे. पाचवं जमलं. आईचा फोटो लावला, आणि चौकट मोठी असल्यामुळं आधीची चारही तिच्यामागं गेली. जिवंतपणी आईनं माझ्या चुका झाकल्या, दादा, तुम्हाला कधी कळूही दिल्या नाहीत. मी स्टुलावर उभी राहून रडले. चतुराबाई स्टूल सोडून पदर शोधायला गेली, म्हणून लवकर आवरलं.

खाली बघते तर मशीन पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं पांढरं, डबाही पांढरा. आणि माझ्यासमोर साबणाच्या पाण्याचं घमेलं भरलेलं. घट बसायच्या आधी घरातली काडीन् काडी धुवायची, हे आपल्याला आईनंच लावलंय ना? गोधड्या धुतल्या, तांबे धुतले, मग मशीनच तेवढं पारोसं ठेवायचं? बुडवलं. चतुराबाई म्हणाली, अगं, लाइटीची वस्तू. मी म्हणलं, मिक्सर नाय का पुसत? ती म्हणाली, पुसती, बुचकळत नाय. पण तोवर बुचकळून झालं होतं. काथ्यानं घासलं, बिटं राखेनं, डबा निरम्यानं, आणि गच्चीवर गोधडीशेजारी पालथं घातलं. असं लखलखीत निघालं की ह्यांच्या एकाही रविवारी निघालं नसेल. बिटं कुठली कुठल्या खाच्यात ते आठवेना, म्हणून उंचीनं लावली, शाळेतल्या पोरांसारखी. तांदळाची पुरचुंडी काढायची विसरले, ती डब्यासंगं धुतली गेली.

हे आले. फोटोकडं बघत उभे राहिले. चतुराबाईकडं सुतार आला होता, त्यानं लावून दिला, असं मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की त्याचं मशीन स्वच्छ होतं का. मी म्हणलं, पुष्कळ. मग जेवले. नशीब असं की घट बसले की ह्यांचा डबाही बसतो. नवरात्रात तो उघडत नाहीत, एकदम खंडेनवमीला पूजेसाठी. मी नऊ दिवस जगदंबेला एकच मागितलं, आतलं पाणी वाळू दे.

खंडेनवमीला सकाळी ह्यांनी पाट मांडला, डबा उघडला, आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, चकाकी बघतायत. म्हणाले, उदबत्ती जरा जास्त लाव. मग चहा मागितला. मशीनला हळद-कुंकू, झेंडूची माळ, आणि शेजारी नारळ फोडला, तो इतका शेजारी की अर्धं पाणी मशीनवर गेलं. दरसाल हे नारळ उंबऱ्यावर फोडतात. म्हणलं, वय झालं, अंदाज चुकला. दसऱ्याला मशीनचं सीमोल्लंघन असतं, म्हणजे खटका लावून एकदा हवेत घर्रर्र फिरवायचं आणि परत डब्यात, वर्षाचं काम झालं. यंदा खटका लावला तर फट्ट झालं, घराचा फ्यूज गेला, आणि जळक्या रबराचा वास पुरणाच्या वासात मिसळला. हे खालीच बसले. म्हणाले, "नारळाचं पाणी गं. माझ्या हातनं झालं." पोळी खाल्ली नाही. मी त्यांच्यासमोर ताट ठेवून उभी होते. सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला ते नारळाची गोष्ट सांगत होते, आणि प्रत्येक वेळी मला लई वाईट वाटत होतं. पण खरं बोलावं तर सुताराचं निघतं, सुताराचं निघालं तर भोकांचं निघतं, आणि फोटो खाली आला तर तुम्ही काही येत नाही.

म्हणून आज पुंजारामच्या हाती मशीन डब्यासकट पाठवतेय. तुमच्याकडं विहिरीच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरून देणारा जो आहे, त्याला दाखवा. त्याला सांगा, तांबं नवं भर पण पुसून दे. ह्यांना मी सांगितलंय की दादांना ऊस बांधायला फळीत भोकं पाडायचीयत. ऊस आणि फळीचा काय संबंध, हे त्यांनी विचारलं नाही. खचलेत, दुसरं काय.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा, म्हशीला एक घास जास्त.

तुमची धाकटी,
द्वारका

ता. क. मशीनचं निमित्त आहे, दादा. दुरुस्त झालं तर बरं, नाही झालं तरी चालेल. भाऊबीजेला तुम्ही या. आई आता हॉलमध्ये, दारातून शिरलं की समोरच आहे. चपला काढाव्या लागतील.

ता. क. २. हार घालायचा तर वरून घाला, फोटो पुढं ओढू नका. ओढलाच तर सुताराला शिव्या द्या.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. मशीन बाहेरगावी चाललंय म्हणून लिहायला रजिस्टर उघडलं (पुन्हा सवयच), तर माझ्या नोंदीपुढचा परतीचा रकाना भरलेला. ह्यांचं अक्षर: "मशीन परत मिळालं. मोटारीत पाणी, बिटं उंचीनं, तांदूळ आंबलेला. कारण योग्य. तक्रार नाही." खाली सही, आणि स्टोअरच्या शिस्तीप्रमाणं तारीख आणि वेळ. खंडेनवमी, सकाळी सात. नारळ त्यांनी फोडला नऊला.

मी रजिस्टर मिटून होतं तिथं ठेवलं. आता पुरणपोळी करायला घेतलीय. तुम्ही आलात की त्यांना विचारा, "दाजी, मशीनला काय झालं?" ते नारळाचं सांगतील. पूर्ण ऐकून घ्या, आणि खरं धरा.