पोलादाला येणाऱ्या वासाबद्दल

मु. बोईसर, जि. ठाणे
आश्विन वद्य द्वितीया, सन १९६६

तीर्थस्वरूप पुंजाराममामांच्या चरणी भाचा चंद्रभान याचा साष्टांग दंडवत. आपला गुडघा आणि मामींचा दमा यांचं कसं काय चाललं आहे ते कळवावं. भडगावला आता कपाशी फुटली असेल. माझी तब्येत उत्तम आहे असं लिहायची पद्धत असते म्हणून लिहितो, पण खरं म्हणजे चार दिवस डोळ्याला डोळा नाही. तोताराम आप्पांचं कार्ड आलं आहे. येत्या रविवारी ते इथे येत आहेत. लिहितात की, जावईबापूंचं हापिस आणि टेबल एकदा डोळ्यांनी बघून जावं म्हणतो. मामा, आप्पांनी ते टेबल बघितलं की नर्मदेचं नि माझं ठरलेलं लग्न मोडलं म्हणून समजा. (पत्र मोठ्याने वाचू नये. मामी जवळ असतील तर त्यांना काहीतरी आणायला आत पाठवावं.)

वर्तमानपत्रातलं कात्रण आपणच जपून आणलं होतंत. अणुवीज केंद्राच्या बांधकामावरच्या एका कंत्राटदाराला खरेदी सहाय्यक पाहिजे, करार अकरा महिन्यांचा, काम पोलाद, सिमेंट, नटबोल्ट व इतर साहित्य यांची खरेदी. जळगावला लोखंडी सामानाच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे जाहिरात माझ्यासाठीच छापली आहे असं आपण म्हणालात. आप्पांनीही त्याच भरवशावर मुलगी देऊ केली. आपल्यासारखंच त्यांचं घर पंथाचा उपदेश घेतलेलं, पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मुलगा टेबलाजवळ बसणारा हवा आणि खाण्यापिण्याचा स्वच्छ हवा, एवढ्या दोनच अटी त्यांनी घातल्या होत्या. मी आनंदाने सही केली. त्या करारातल्या 'इतर साहित्य' या दोन शब्दांवरून माझी नजर घसरून गेली, आणि मामा, सगळी नोकरी त्या दोन शब्दांतच होती.

पहिल्याच सकाळी इथले मॅनेजर घोषालसाहेब यांनी मला मायेने जवळ बसवलं आणि पोलादाची खरेदी मुंबईच्या हापिसातून होते असं सांगितलं. सिमेंटचीही तिथूनच होते. इथे राहते ती मेसची खरेदी, आणि मेसमधले निम्मे फिटर-वेल्डर बंगाली नाहीतर मल्याळी, त्यांना रोज ताजी मासळी लागते. मी म्हटलं, साहेब, मी मासळी खात नाही, मी ती ओळखतही नाही. त्यावर ते खूश झाले. "बहुत अच्छा. खाता नहीं तो रास्ते में चोरी भी नहीं करेगा." करार अर्ध्यात सोडला तर दाखला मिळत नाही, आणि जळगावच्या दुकानात माझ्या जागेवर मालकांचा साडू बसला आहे. म्हणून मी मेसची हातगाडी आणि ती ओढणारा झिपरू यांना घेऊन नवापूरच्या किनाऱ्यावर गेलो. (हे आपल्या धुळे जिल्ह्यातलं नवापूर नव्हे. त्या नवापूरला समुद्र असता तर मी इतका घाबरलो नसतो.)

तिथे माझ्या हातून जे झालं ते आपल्याला सांगायला लाज वाटते, कारण आपण स्वतः दुकानदार आहात. खरेदीच्या नियमाप्रमाणे कोणत्याही मालाचे तीन ठिकाणचे भाव घ्यायचे असतात. मी नाकाला रुमाल बांधून पहिल्याच बाईपुढे उभा राहिलो. तिचं नाव इंदुबाई. तिच्या पाटीतला एक मासा मी पेन्सिलीने उलटून पाहिला, भाव लिहून घेतला, 'ठीक आहे, कळवतो' म्हणालो आणि दुसऱ्या बाईकडे वळलो. मागून सदऱ्याला हिसका बसला. "भवानीच्या टायमाला मालाला हात लावून चाललास कुठं? घेतल्याबिगर आता पाय उचलायचा नाय." मामा, आपण जिला बोहनी म्हणतो तिला इथे भवानी म्हणतात. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक हात लावून तसंच गेलं तर बाईचा सगळा दिवस वाया गेला असं धरतात. दुकानात असताना मी स्वतः सकाळचं पहिलं गिऱ्हाईक कधी रिकाम्या हाताने उतरू दिलं नव्हतं, आणि इथे मीच ते गिऱ्हाईक झालो. किनाऱ्यावरच्या सगळ्या बाया कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. झिपरू खाली मान घालून म्हणाला, "घ्या सायब, नायतर उद्यापासून कोन माल देनार नाय." मेसला हवे होते पापलेट, आणि मी घेऊन आलो पाटीभर मांदेली.

आता नोकरी जाणार आणि मी सुटणार अशी मला आशा होती. पण मांदेली खाऊन घोषालसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांना म्हणे आईच्या हातची मासळी आठवली. तेव्हापासून साइटवर मी मासळीतला जाणकार ठरलो आहे. मी जितकं चुकीचं घ्यावं तितकं माझं नाव होतं. शेवटी त्यांनी मला बक्षीस म्हणून टेबलही दिलं. तेच हे टेबल, मामा. ते सुक्या बोंबलांच्या कोठीत आहे. डावीकडे बोंबील, उजवीकडे सुक्या कोळंबीचे सोडे, मधे मी. आपल्याला जाणारी सगळी पत्रं मी याच टेबलावर लिहितो. सकाळी दोनदा साबण लावून अंघोळ करतो, तरी रस्त्याने निघालो की बोईसरची मांजरं मागून यायला लागतात. परवा स्टेशनपर्यंत आली. तिकीटमास्तरांनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

आपल्याला मी कधी खोटं लिहिलं नाही. आज माल चकचकीत मिळाला, आज माल उशिरा उतरला, असंच लिहीत आलो. आपण त्याचं पोलाद केलंत, आणि माझी पत्रं वाचून झाली की आप्पांच्या घरी वाचायला पाठवता हे आपण मागेच कळवलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त आता भीती वाटते. नर्मदेला मी इकडे येण्याआधी एकदाच पाहिलं. सगळ्यांनी मला पगार विचारला, तिने तेवढं विचारलं की तिकडे समुद्र आहे ना, तो केवढा असतो. मीही कधी पाहिला नव्हता. असेल आपल्या गिरणेच्या चौपट, असं सांगून टाकलं. ती हसली. मामा, हे स्थळ गेलं तर मला फार वाईट वाटेल.

तेव्हा दोन गोष्टी कराव्या. आप्पांना काहीही सांगून थोपवावं, हवं तर मला कांजिण्या आल्या म्हणून सांगावं. आणि जळगावच्या दुकानात जाऊन मालकांना माझ्यासाठी गळ घालावी. पोत्यावर बसायचीही माझी तयारी आहे. आप्पा आलेच तर सिमेंटच्या कोठारातले कारकून पिल्लेसाहेब आपली खुर्ची मला तासभर देणार आहेत, पण मांजरांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

आपला भाचा,
चंद्रभान

ता. क. हे पत्र टाकायचं राहिलं तेवढ्यात आप्पा आले. रविवारी येणार म्हणाले आणि गुरुवारीच उतरले. (आप्पांसारखा दलालीतला माणूस माल बघायला सांगितलेल्या दिवसाआधी जातो, हे आपण मला लहानपणी शिकवलं होतंत.) मी किनाऱ्यावर होतो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना सांगितलं, "वो मच्छीवाला बाबू? दर्या पे गया है." आप्पा टांगा करून थेट तिथे आले. मी हातातला बांगडा खाली टाकला, पण उशीर झाला होता. आप्पा सरळ पाटीपुढे येऊन उभे राहिले. हातातल्या काठीने त्यांनी इंदुबाईची पाटी जराशी सरकवली आणि जन्माच्या सवयीने भाव विचारला. त्या दिवशी इंदुबाईची भवानी झालेली नव्हती.

मी डोळे मिटून घेतले. इंदुबाई म्हणाली, "काठी लावलीस ना आजा, आता घे." आप्पांनी मला विचारलं, ही काय म्हणते? मी बोहनीचं सांगितलं. आप्पांनी काठी काखेत धरली आणि कनवटीचा बटवा सोडला. मग पैसे काढून वाळूवर ठेवले आणि म्हणाले, "बाई, कुणाची बोहनी मी आजवर मोडली नाही." माल मेसच्या गाडीत गेला. जाताना त्यांनी इंदुबाईला विचारलं, पोरगा कसा आहे. ती म्हणाली, "पयल्या दिशी लय येडा होता. आता शिळा माल याच्या फुडं कोन ठेवत नाय." मग कोठीतल्या माझ्या टेबलाशी आप्पा नाकाला उपरणं लावून थोडा वेळ बसले आणि पाणी मागितलं. तोताराम आप्पांनी मासळीची पाटी घेतली हे भडगावात कळू नये, असं त्यांनी मला दोनदा बजावलं आहे. माझ्या टेबलाबद्दल मग मीही काही बोललो नाही, आणि तेही बोलले नाहीत.

ता. क. दुसरा. गाडीत बसताना आप्पांनी सांगितलं की, त्यांना इथे नर्मदेनेच पाठवलं. माझं पत्र घरी आलं की त्यांचं मांजर त्यावर येऊन बसतं आणि कागद चाटतं. ती म्हणाली, लोखंड चाटायला मांजर कशाला येईल, बाबा, एकदा जाऊन बघून या. लग्न मोडू का, असं आप्पांनी निघताना तिला विचारलं होतं. ती म्हणाली, वासाचं मी बघून घेईन, तुम्ही तेवढा समुद्र खरोखर आहे का ते बघा.

ता. क. तिसरा, आणि मूळ विनंती हीच. जळगावच्या मालकांना बोलला असाल तर नको म्हणून कळवावं. मुहूर्त ज्येष्ठातला धरावा, तेव्हा पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून ठेवतात आणि मला रजा मिळते. करार चैत्रात संपतो, पण घोषालसाहेब पुन्हा करणार आहेत, आणि त्यातला 'इतर साहित्य' हा मजकूर या वेळी मी नीट वाचला आहे. मांजर सोबत आणू नये, इथे पुष्कळ आहेत. आणि नर्मदेला निरोप द्यावा की गिरणेच्या चौपट हा माझा अंदाज फार चुकला होता. रोज सकाळी मी त्याच्यासमोर उभा राहतो, आणि अजून मला तो मोजता येत नाही. तिने येऊन बघावं.